घसा दुखतोय, पण नाक काय म्हणतंय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी सहा वर्षांची, वजन १८ किलो. सात महिन्यांत तिसऱ्यांदा घसा धरलाय. मागच्या वेळी टॉन्सिलवर पांढरे ठिपके होते म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं, तिसऱ्या दिवशी ताप गेला आणि तुम्ही ते थांबवलं. आता कालपासून १०१ ताप, घसा दुखतोय, नाक वाहतंय, खोकला आहे. मधल्या काळात केलेली ‘एएसओ’ ही रक्ततपासणी ३८० आली. उरलेलं औषध द्यायचं का, हा आकडा काळजीचा आहे का, आणि टॉन्सिल काढून टाकलेले बरे का, असं तुम्ही विचारलंय.

उरलेलं औषध देऊ नका. एक तर पाणी घालून तयार केलेलं असं औषध बहुतेक बाटल्यांवर सातच दिवस चालेल असं लिहिलेलं असतं, काहींवर चौदा. तुमची बाटली कधीच बाद झाली आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: तुम्ही वर्णन केलेल्या आजाराला त्याची गरजच दिसत नाही. आणि ही गोष्ट तिच्या घशाने नाही, तिच्या नाकाने सांगितली.

मी सव्वीस वर्षं मुलांचे घसे बघतोय. तरीही नुसत्या घशाकडे बघून ‘हा जिवाणू, हा विषाणू’ असं छातीठोकपणे मला सांगता येत नाही. ते कुणालाच नीट जमत नाही. लालभडक घसा सर्दीच्या विषाणूने होतो, तसाच स्ट्रेप्टोकॉकस (थोडक्यात ‘स्ट्रेप’) या जिवाणूनेही होतो. पांढरे ठिपके म्हणजे पू, पू म्हणजे जिवाणू, जिवाणू म्हणजे अँटिबायोटिक, ही साखळी ऐकायला पटते, पण पहिल्याच कडीला तुटते. अ‍ॅडिनोव्हायरसने टॉन्सिलवर अगदी तसेच ठिपके येतात, आणि ताप तर चार-पाच दिवस १०३ पर्यंत जातो. म्हणून मी घशाचे शेजारी बघतो. नाक, डोळे, आवाज, मान, पोट, त्वचा. घसा फार बोलत नाही, शेजारी सगळं सांगून टाकतात.

हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत चौदा वर्षांचा एक मुलगा आला होता. टॉन्सिल एकमेकांना टेकलेले, त्यावर पांढरट साय, ताप आठवडाभराचा. मी टॉर्च मारला आणि पेनिसिलिनच्या कुळातलं अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहून दिलं. पाचव्या दिवशी तो डोक्यापासून पायापर्यंत लाल पुरळ घेऊन परत आला. त्याला एपस्टाइन-बार विषाणूचा आजार होता, ज्याला ग्रंथींचा ताप म्हणतात. त्यात अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं तर पुष्कळांना असं पुरळ येतं. तपासताना मी मानेच्या पुढच्या गाठी चाचपल्या होत्या, मागे हात घातलाच नव्हता. मागे गाठींची माळ होती, पापण्या सुजल्या होत्या, आणि बरगड्यांखाली प्लीहा हाताला लागत होती. वर त्या मुलाच्या कागदांवर ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असा शिक्का बसला, तो पुसायला नंतर बराच वेळ गेला. अशा मुलांना प्लीहेला मार लागू नये म्हणून धक्काबुक्कीचे खेळ निदान तीन-चार आठवडे बंद ठेवायला सांगतो. औषध काही लागत नाही. वेळ मात्र लागतो.

तर शेजारी काय सांगतात? नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, जुलाब होतायत, तोंडात फोड आहेत, यातलं काही घशाबरोबर असेल तर पारडं विषाणूकडे झुकतं. शाळेच्या वयातली साधारण वीस ते तीस टक्के घसादुखी स्ट्रेपची असते, बाकी जवळजवळ सगळी विषाणूंची. तीन वर्षांखालच्या मुलात स्ट्रेपचा घसा त्याहून बराच कमी. स्ट्रेपचं मूल वेगळं दिसतं. सकाळी बरं असतं, संध्याकाळी एकदम तापतं. आवंढा गिळताना तोंड वेडंवाकडं करतं. डोकं दुखतं, पोट दुखतं, एखादी उलटी होते (पोटदुखीसाठी आणलेल्या मुलाचा घसा बघितल्याशिवाय मी त्याला सोडत नाही). जबड्याच्या कोनाखालची गाठ दाबली की मूल हात झटकतं. टाळूवर, पडजिभेच्या आसपास लाल टाचण्या टोचल्यासारखे ठिपके दिसतात. आणि नाक कोरडं, खोकला नाही. कधी कधी अंगावर बारीक, हाताला खरखरीत लागणारं पुरळ उठतं आणि जीभ स्ट्रॉबेरीसारखी होते. तो स्कार्लेट फीव्हर, म्हणजे त्याच जिवाणूचा घसा, फक्त विषामुळे अंगावर उमटलेला.

एवढं जुळलं तरी शक्य असेल तर घशातला स्वॅब, म्हणजे बोळ्याने घासून घेतलेला नमुना, घ्यावा. झटपट चाचणी काही मिनिटांत सांगते. ती होकारार्थी आली तर सहसा खरी असते. नकारार्थी आली आणि मूल स्ट्रेपचंच वाटत असेल तर कल्चर करावं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघावेत, त्याला एक-दोन दिवस लागतात. तेवढं थांबायला हरकत नाही. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हृदयाचं संरक्षण होतं (ते का लागतं, पुढे सांगतो). ‘आजच रात्री पहिला डोस गेला पाहिजे’ अशी घाई स्ट्रेपच्या घशात नसते. स्वॅब दोन्ही टॉन्सिलवरून आणि मागच्या भिंतीवरून घासून घ्यावा लागतो. जिभेला लागलेला बोळा फुकट जातो, आणि रडणाऱ्या मुलात नेमका तोच मिळतो. मी आधी मुलाला कुत्र्यासारखं धापा टाकायला सांगतो. जीभ आपोआप खाली बसते, आणि निम्म्या वेळा लाकडी पट्टीही लागत नाही.

आता हृदयाचं. स्ट्रेपचा घसा आपला आपण तीन-पाच दिवसांत बरा होतो. अँटिबायोटिकने दुखणं जेमतेम एखादा दिवस आधी थांबतं. मग देतो कशाला? रुमॅटिक फीव्हरसाठी. काही मुलांत घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. १९५० साली अमेरिकेतल्या वायोमिंगच्या हवाई दलाच्या तळावर तरुण सैनिकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की स्ट्रेपच्या घशाला पेनिसिलिन दिलं तर हा ताप फार कमी जणांना येतो. आजचा आमचा उपचार त्याच पायावर उभा आहे. म्हणून कोर्स दहा दिवसांचा: तोंडाने पेनिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन दिवसाला किलोमागे ५० मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅम. तुमच्या मुलीच्या वजनाला दिवसाचे ९०० होतात, एकदम किंवा दोनदा विभागून. दहा दिवस पाळणं जमणार नसेल तर बेन्झाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं. दुखतं खूप, पण काम होतं.

तिसऱ्या दिवशी औषध थांबवणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. ताप गेला, मूल उड्या मारतंय, औषध नको म्हणून तोंड घट्ट मिटतंय, तर कुणालाही वाटेल पुरे झालं. शिवाय सात दिवसांची बाटली आणि दहा दिवसांचा कोर्स हे गणित कुणी समजावून सांगत नाही. बाटली संपली की कोर्स संपला असं घरी वाटतं. दुसरी बाटली लागते, हे आम्हीच चिठ्ठीवर लिहायला हवं. मागच्या वेळी तिचा घसा स्ट्रेपचा होता की नाही ते आता कळणार नाही. तो स्ट्रेपचा नसेल तर थांबवल्याने काही बिघडलं नाही. असेल तर पुढची खूण लक्षात ठेवा: एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारी सूज, चढताना धाप, हातापायांच्या विचित्र हालचाली. आणि एक वेगळी खूण, चेहरा सुजणं आणि चहाच्या रंगाची लघवी. ती मूत्रपिंडाची, स्ट्रेपनंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी येते, आणि अँटिबायोटिक घेतलं तरी हमखास टळते असं नाही.

एक गोष्ट आम्हा डॉक्टरांच्या बाजूची. ‘ग्रुप ए’ स्ट्रेप्टोकॉकस, म्हणजे घशाचा हाच स्ट्रेप, इतक्या वर्षांत पेनिसिलिनला पुरून उरलेला नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनला मात्र त्याच्या अनेक जाती दाद देत नाहीत. तरीही ‘तीन दिवसांचं सोपं औषध’ म्हणून तेच सर्रास लिहिलं जातं. पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असेल तरच ते वापरावं, आणि तेही घशासाठी पाच दिवस. जुनं, स्वस्त, नेमकं औषध हाताशी असताना नव्याच्या मागे का धावायचं, हे मला कधी कळलं नाही.

एएसओ ३८०. हा आकडा बघून घाबरून आलेले पालक आठवड्याला एक तरी असतात. एएसओ म्हणजे स्ट्रेपविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं. ती संसर्गानंतर आठवड्याभराने वाढू लागतात, तीन ते सहा आठवड्यांनी सर्वांत वर जातात आणि कित्येक महिने रेंगाळतात. म्हणजे हा आकडा ‘कधीतरी गाठ पडली होती’ एवढंच सांगतो. आज घसा का दुखतोय, हे तो सांगूच शकत नाही. शिवाय अहवालावर छापलेली २०० ची मर्यादा बहुधा मोठ्यांची असते. शाळेत जाणाऱ्या निरोगी मुलांत ३०० च्या आसपासचे आकडे सहज दिसतात. रुमॅटिक फीव्हरची लक्षणं असतील तेव्हा एएसओचा उपयोग आहे. लक्षणं नसताना या आकड्यावर उपचार करू नयेत, आणि दर महिन्याला तो पुन्हा तपासू नये. ‘आकडा खाली येईपर्यंत इंजेक्शनं’ असं कुणी सुचवलं तर दुसरं मत घ्या.

याचाच भाऊ म्हणजे वाहक मूल. घसा अजिबात दुखत नसताना शाळकरी मुलांपैकी दहातल्या एकाच्या घशात स्ट्रेप निवांत बसलेला असतो. त्याला फारसा धोका नसतो, आणि दुसऱ्याला देण्याचं प्रमाणही कमी असतं. म्हणून बरं झाल्यावर ‘जंतू गेले का’ हे बघायला पुन्हा स्वॅब करायचा नसतो. घरातल्या ठणठणीत भावंडांचाही नाही.

आता आजच्या रात्रीचं. तिला घसादुखी आणि तापासाठी पॅरासिटामॉल द्या, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे २७० मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार ते सहा तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. इथे मिलिलिटरची गफलत सगळ्यांत जास्त होते. १२० मिलिग्रॅमच्या सिरपमध्ये (५ मिलीला) तिचा डोस ११ मिलीच्या थोडा वर जातो, २५० च्या सिरपमध्ये साधारण ५.४ मिली, आणि बाळांच्या थेंबांच्या बाटलीत, जिथे १ मिलीला १०० मिलिग्रॅम असतं, तिथे २.७ मिली. मुलगी तीच, औषध तेच, आकडे तीन. ‘मागच्या वेळी दोन चमचे दिले होते’ याला अर्थ नाही, लेबल वाचा आणि सिरिंजने मोजा. आयबुप्रोफेन (किलोमागे १० मिलिग्रॅम) घशाच्या दुखण्यावर छान चालतं, पण मूल पाणी पीत नसेल, उलट्या होत असतील, कांजिण्या असतील किंवा डेंग्यूची शंका असेल तर नको. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही, त्याने यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा राय सिंड्रोम होऊ शकतो.

थंड चालेल का? चालेल. बर्फाचा तुकडा, थंड दूध, आइस्क्रीम, जे गिळताना बरं वाटतं ते द्या. घसा दुखतो तो संसर्गाने, थंड पदार्थाने नाही. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतरही थंड पदार्थ द्यायला आम्ही बिनदिक्कत सांगतो. कोमट आवडत असेल तर कोमट. दिवसभरात नेहमीइतकी लघवी झाली की पाणी पुरतंय असं समजा, जेवण दोन दिवस कमी झालं तरी चालतं. खोकल्याला रात्री चमचाभर मध चालेल, पण वर्षाखालच्या बाळाला मध कधीच नाही, त्यात बोटुलिझमचा धोका असतो. मिठाच्या गुळण्या तिला थुंकता येत असतील तरच. चघळायच्या गोळ्या चार-पाच वर्षांखाली श्वासनलिकेत अडकतात, आणि घसा बधिर करणारे बेन्झोकेनचे फवारे दोन वर्षांखाली घातक ठरू शकतात. वाफेचं भांडं मुलाजवळ आणू नका. वाफेने बरी झालेली मुलं मला नेमकी आठवत नाहीत, भाजलेली आठवतात.

घसादुखीच्या नावाखाली येणारे आणखी दोघं-तिघं. तोंडाच्या मागच्या भागात, पडजिभेच्या आजूबाजूला छोटे फोड, मूल लाळ गाळतंय आणि काही गिळत नाही, तर तो कॉक्ससॅकी विषाणूंचा गट. हातापायांवरही फोड आले की हात-पाय-तोंडाचा आजार. दोन्ही आपोआप जातात, फक्त पाणी पोटात गेलं पाहिजे. हिरड्याच सुजून रक्ताळल्या असतील आणि फोड ओठांपर्यंत आले असतील तर तो हर्पिस विषाणू. त्यात पहिल्या तीन दिवसांत असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचा फायदा होतो, म्हणून लवकर दाखवा. आणि दर तीन-सहा आठवड्यांनी घड्याळ लावल्यासारखा ताप, घसा, मानेला गाठी, तोंडात छाले, मधल्या काळात मूल टुणटुणीत, दर वेळी स्वॅब नकारार्थी: हा संसर्गच नसतो. त्याला पीएफएपीए म्हणतात, आणि स्टेरॉइडच्या एका डोसाने ताप काही तासांत उतरतो. माझ्याकडे अशी मुलं अँटिबायोटिकचे आठ-दहा कोर्स होऊन येतात.

घाई करायची ती इथे. लाळ गिळता येत नाही आणि ती ओठांवरून वाहतेय. श्वास आत घेताना घर्र आवाज येतोय. मूल पुढे वाकून, हनुवटी पुढे काढून बसलंय. तोंड उघडत नाही आणि तोंडात गरम घास असल्यासारखं बोलतंय. मान वळवत नाही, वर बघत नाही. मान बैलासारखी सुजलीय आणि घशात राखाडी पडदा आहे. यातलं काहीही असेल तर लगेच रुग्णालय. रस्त्यात त्याला आडवं करू नका, चमच्याने घसा बघायचा प्रयत्न करू नका. स्वरयंत्राचं झाकण सुजलं असेल तर त्या एका ढोसण्याने श्वासमार्ग बंद होऊ शकतो. ते झाकण सुजवणाऱ्या हिब जिवाणूवर आणि राखाडी पडद्याच्या घटसर्पावर, दोन्हींवर लस आहे. तिचे डोस पूर्ण झालेत का, ते कार्ड काढून बघा. एकदा एक अडीच वर्षांचं मूल ‘घसा दुखतोय’ म्हणून आलं, घसा तर फारसा लालही नव्हता. वडिलांनी छताचा पंखा दाखवला तर ते मान वर न करता फक्त डोळे वर करून बघत होतं. घशाच्या मागे गळू होतं. त्याचं निदान त्या पंख्याने केलं.

राहिला टॉन्सिलचा प्रश्न. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अकरा वर्षांची एक हजार शाळकरी मुलं तपासली गेली. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ डॉक्टरांनी तपासली, त्यांतल्या १७४ जणांचे काढा म्हणाले. नको म्हटलेली २१५ दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, त्यांनी ९९ निवडली. उरलेल्या ११६ पैकी तिसऱ्यांनी ५१. शेवटी ज्यांना कुणीच ऑपरेशन सुचवलं नव्हतं अशी ६५ मुलं उरली. आजचे निकष त्या मानाने कडक आहेत: एका वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन. प्रत्येक वेळी घशाबरोबर १०१ च्या वर ताप, मानेत गाठी, टॉन्सिलवर पू किंवा स्ट्रेपची होकारार्थी चाचणी यांपैकी काहीतरी नोंदलेलं हवं. तुमचे तीन, आणि त्यातला आत्ताचा तर सर्दीचा दिसतोय. मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं नेहमीचंच आहे. या वयात टॉन्सिल मोठेच दिसतात, पुढे आपोआप लहान होतात. वेगळी गोष्ट झोपेची: ती रोज मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास थांबून दचकत असेल, तर तीन वेळा असो की शून्य, तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. त्यासाठी टॉन्सिल काढणं योग्य ठरू शकतं.

येत्या दोन-तीन दिवसांत ताप उतरला, नाक आणि खोकला आठवडाभर रेंगाळला, तर ठरल्याप्रमाणे चाललंय. ताप जाऊन २४ तास झाले आणि ती खेळायला लागली की शाळेत पाठवा, नाक वाहत असलं तरी. चौथ्या दिवशीही १०१ च्या वर ताप असेल, एकदा उतरून पुन्हा चढला, कान दुखायला लागला, किंवा नाक सुकून जबड्याखालची गाठ दुखायला लागली, तर तिला दाखवा. पाच दिवस ताप, डोळे लाल आणि ओठ फुटलेले असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी दाखवा, तो कावासाकीचा आजार असू शकतो आणि त्याची औषधं वेळेत द्यावी लागतात. येताना एका कागदावर तिन्ही वेळांच्या तारखा, ताप किती होता, आणि नाक वाहत होतं का, एवढं लिहून आणा. एएसओचा अहवाल घरीच ठेवला तरी चालेल.